डोणीतली झोप

१

सोमवारी दुपारी सव्वाबाराला फोन आला, तेव्हा पलीकडून आधी नुसता वारा ऐकू आला. मग एक म्हातारा आवाज, कुणाची झोप मोडू नये तसा हळू बोलला, "मॅडम, माझी मेंढरं निजली."

"निजली म्हणजे?" डॉ. मेघा साळवेंनी विचारलं.

"निजली म्हंजी निजलीच. उठंनात."

मेघा देवगाव रंगारीच्या जनावरांच्या दवाखान्यात दोन वर्षं डॉक्टर होती. छत्रपती संभाजीनगरहून रोज सकाळी यायची, संध्याकाळी परतायची. मल्हाररावांना ती ओळखत होती. गावापासून चार किलोमीटरवरच्या वस्तीवर राहणारा हा मेंढपाळ एका कोकराला खोकला झाला तरी चालत दवाखान्यात यायचा. तो उगाच फोन करणारा माणूस नव्हता.

तिनं स्कूटी काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई फुलली होती. फेब्रुवारीचं ऊन अजून कोवळं होतं, आणि लांबच्या टेकड्या धुरकट दिसत होत्या. वस्तीवर पोचल्यावर तिनं गाडी बंद केली आणि ती जागीच उभी राहिली.

निंबाच्या सावलीत सव्वीस मेंढ्या पडल्या होत्या. कुणी पाय पसरून, कुणी दुसरीच्या पोटावर मान टाकून. तोंडाला फेस नव्हता, पायांची तडफड नव्हती. पोटं हळूहळू वर-खाली होत होती. त्यांच्या अंगावर निंबाची पानं पडत होती आणि एकही मेंढी कान हलवत नव्हती. उरलेला कळप कुंपणापाशी दाटीवाटीनं उभा राहून बघत होता.

"पाणी कुठं पाजलं?"

मल्हाररावांनी घरामागच्या दगडी डोणीकडं बोट दाखवलं. जनावरांना पाणी पाजायची ती जुनी, बसकी डोण. "रोज तलावावर नेतो. पर कडुबानं आज वाट बंद केली. घरी आणली, तर डोणीत पाणी दिसलं. म्हटलं, सूनबाईनं आत्ताच भरलं आसंल. मोहरची मेंढरं प्याली, मागच्यांना उरलंच नाय."

मेघानं वाकून पाहिलं. तळाशी पांढरा गाळ बसला होता. तिनं बोटानं थोडा उचलून उन्हात धरला. पीठ होतं, बारीक वाटलेलं. आणि त्या पिठात लाल, चमकते कण होते.

मिरचीच्या सालीचे.

कुणीतरी हे पाट्यावर वाटलं होतं.

२

मेंढी आडवी पडून राहिली की तिचं पोट फुगतं आणि ती गुदमरून मरते. त्यामुळं आधी त्यांना पोटावर बसवणं भाग होतं. मेघानं सलाइनच्या बाटल्या निंबाला टांगल्या आणि हाताशी असेल त्या प्रत्येकाला कामाला लावलं. मल्हाररावांनी दोन मेंढ्या दोन काखांत धरल्या. त्यांचा मुलगा खंडेराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. आठवड्याची सुट्टी काढून तो शनिवारी घरी आला होता. तो पोत्यात माती भरून मेंढ्यांना टेकू देत राहिला. त्याची बायको प्रांजली पाठी चोळत होती.

थोड्या वेळानं बांधावरून कडुबा उतरला. शेजारचा शेतकरी, पन्नाशीचा. त्याच्या हरभऱ्यात मेंढ्या शिरल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. तो खाली बसला आणि एका गाभण मेंढीचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं.

"हात नको लावू तिला," मल्हारराव म्हणाले.

"मरंल ना ती, मल्हारदादा."

"तूच वाट बंद केली. तूच घातलं पाण्यात."

कडुबानं वर पाहिलं, पण मेंढीचं डोकं सोडलं नाही. "तुमी मला काय बी म्हणा. आधी हिला धरू द्या."

सगळी दुपार माणसं मेंढ्यांना कवटाळून बसली होती. ऊन पिवळं होत गेलं. मेंढ्यांच्या संथ श्वासांत बसून मेघाचेही डोळे जड व्हायला लागले. चारच्या सुमारास पहिली मेंढी उठली, चार पावलं झुलत चालली आणि परत बसली. मग दुसरी. सूर्य टेकडीला लागेपर्यंत पंचवीस मेंढ्या उभ्या होत्या.

कडुबाच्या मांडीवरची मात्र उठली नाही.

मल्हाररावांनी तिच्या अंगावर आपलं पांघरूण टाकलं. मग ते वळले. त्यांचा आवाज आता अजिबात हळू नव्हता. "ज्यानं हे केलं, त्याला मी सोडणार नाय. मग तो शेजारचा आसू दे नायतर घरातला."

दारात त्यांची बायको दगडाबाई उभी होती. ती दिवसभर बाहेर आली नव्हती. ते ऐकून ती आत गेली.

३

मंगळवारी संध्याकाळी मेघा पुन्हा वस्तीवर आली. मेंढ्या चरत होत्या. तिनं डोणीच्या आसपासची जमीन पाहिली, मग दोन शेतांच्या मधल्या उकिरड्यावर गेली. शेणाखाली एक कापडी पिशवी दाबलेली होती. पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. तिनं मोजली, एकतीस निघाली. सगळी एकाच झोपेच्या गोळीची.

तिनं पाकिटांचे फोटो काढून दीपमालाला पाठवले. दीपमाला तिची शाळेपासूनची मैत्रीण. शहरात घाटीमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, ती मनोविकाराची डॉक्टर होती. पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"या गोळ्या कुठं मिळाल्या तुला?"

"मेंढ्यांच्या पोटात," मेघा म्हणाली. "कुणीतरी विष घातलंय असं सगळे म्हणतात."

"तारखा बघ पाकिटांवरच्या."

मेघानं पाहिल्या. काही पाकिटं दोन वर्षांपूर्वीची, काही गेल्या महिन्यातली.

"म्हणजे विकणाऱ्याचा माल नाही हा," दीपमाला म्हणाली. "विकणारा दोन वर्षं साठवून ठेवत नाही. हा खाणाऱ्याचा साठा आहे. उद्या मिळाली नाही तर, या भीतीनं साठवलेला."

"आणि एकेक गोळी बाहेर काढलीय. तीनशेच्या वर. नुसती फेकायची, तर पाकिटं तशीच फेकता आली असती."

"फेकलेलं पाकीट परत उचलता येतं, मेघा. आमच्याकडं येणारे सांगतात, नालीत टाकलेल्या गोळ्या धुऊन खाल्ल्या म्हणून. ज्यानं वाटून पाण्यात घातल्या, तो स्वतःच्याच हाताला भीत होता."

मेघा उकिरड्याच्या कडेला बसली. कुठूनतरी घुंगरांचा आवाज येत होता.

"म्हणजे त्यानं गोळी सोडली."

"तेच तर. लोकांना वाटतं, बटण गोळी, म्हणजे नशेसाठी घेतलेली झोपेची गोळी, फक्त चौकात उभी राहणारी पोरं खातात. माझ्या ओपीडीत निम्मी घरातली माणसं असतात. कधीतरी डॉक्टरनं पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी, मग वर्षानुवर्षं तीच. आता नीट ऐक. एवढा साठा करणारा माणूस रोज सहा-सात तरी घेत असणार. असा माणूस एका दिवसात थांबला, तर हात कापतात, झोप उडते. डोळा लागलाच तर स्वप्नांचा लोंढा येतो. आणि दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते. फिटमध्ये जीव जातो. कधी टाकल्या गोळ्या?"

"सोमवारी सकाळी."

"मग तुझ्याकडं उद्याचा दिवस आहे," दीपमाला म्हणाली. "मेंढ्या उठल्या. आता माणूस शोध."

४

बुधवारी सकाळी आठलाच मेघा बांधावर होती. मल्हारराव अकरा वाजता पोलीस चौकीत जाणार होते. कडुबाचं नाव ते सगळीकडं सांगून बसले होते. मेघाला काल गावात कुणीतरी ऐकवलंही होतं, "मॅडम त्याच्याच समाजाच्या, त्या कशाला बोलतील?"

कडुबा अंबाडीचा दोर वळत होता. त्याची बोटं संथ, सारखी फिरत होती. मेघा त्या बोटांकडंच बघत राहिली. दोन दिवस गोळी सुटलेल्या माणसाला असा दोर वळता आला नसता.

"वाट बंद केली, ते माझं चुकलं," कडुबा म्हणाला. "पर मुक्या जिवाला मी कशाला काय करू, बाई? आन त्या डोणीत तर पाणी राहतच नाय. दोन वर्षं तडा हाय तिला. वतलं की पाच मिनटांत मातीत."

"सोमवारी तर राहिलं होतं."

"व्हय, त्याचंच मला नवल वाटलं."

मेघा तशीच डोणीकडं गेली. आत हात घालून तिनं दगड चाचपला. तळाशी एका लांब रेघेवर खरबरीत, ताजं सिमेंट लागलं.

घराच्या ओसरीवर दगडाबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. चेहरा थकलेला, डोळे मात्र कुठंतरी लांब, सुखात असल्यासारखे.

"मावशी, बरं नाही का?"

"झोप नाय, बाई. पर बरं हाय." ती हसली. "तेरवा लेक आली व्हती."

"कोण लेक?"

"माझी ज्ञानेश्वरी. रईवारी दुपारी आली. इथं निंबाखाली बसली. म्या म्हटलं, जेवून जा. तर म्हणं, आता घाई हाय, पर उद्या येते. काल बी आली. लई वाळलीय."

प्रांजलीनं चहाचा कप पुढं केला. काठोकाठ भरलेला, पण बशीत थेंब सांडला नव्हता. दगडाबाईनं मात्र कपाला हात लावला नाही. तिचे हात पदरातच राहिले.

मेघा प्रांजलीच्या मागं स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात मिक्सर होता आणि त्याच्याशेजारी पाटा.

"पाटा कोण वापरतं?"

"आत्याबाई. त्यांना मिक्सरची चटणी चालत नाय."

"डोणीचा तडा कुणी बुजवला?"

"ह्यांनी. शनवारी दुपारी. सिमेंट म्याच कालवून दिलं. घरात आम्हा दोघांनाच ठावं. मामा मेंढरांमागं गेलते, आन आत्याबाई निजल्या व्हत्या. त्या दुपारी निजल्या की ढोल वाजवला तरी उठत नाहीत."

"आणि त्यांची लेक? ज्ञानेश्वरी? ती कुठं असते?"

प्रांजलीच्या हातातली सांडशी तशीच राहिली. तिनं ओसरीकडं पाहिलं आणि कुजबुजली, "मॅडम, वन्स तर सहा वर्षांमागं गेल्या. तापानं. मी त्यांना कधी बघितलं बी नाय."

५

मेघा ओसरीकडं वळली, तर दारात खंडेराव उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, दोष कडुबाकाकाचा नाय. गोळ्या माझ्या व्हत्या. कंपनीत डबल शिफ्ट लागते, तिथं पोरं घेतात, मी बी घ्यायला लागलो. त्या मीच डोणीत टाकल्या. बाला सांगा, काय मारायचं ते मला मारा."

"तुम्ही नाही टाकल्या," मेघा म्हणाली.

"मी सांगतोय ना..."

"खंडेराव, वेळ नाही आपल्याकडं. ज्यानं टाकल्या, त्याला मेंढ्या मारायच्या नव्हत्या. विष घालायचं असतं, तर गळक्या डोणीत कोण घालेल? कडुबाकाका तर मुळीच नाही, त्यांना ती अजून गळकीच वाटते. हे गोळ्या नाहीशा करायचं काम होतं. डोणीत पीठ टाकायचं, वर पाणी ओतायचं, तड्यातून सगळं मातीत. पण तडा शनिवारी तुम्ही स्वतः बुजवला. तुम्ही आणि प्रांजली. तुम्हा दोघांपैकी कुणी त्या डोणीत काही टाकलं नसतं. ज्याला तडा बुजल्याचं माहीत नव्हतं आणि ज्याचा हात पाट्यावर चालतो, असं या घरात एकच माणूस आहे."

खंडेरावनं मान खाली घातली.

"गोळ्या तुम्हीच आणायचात आईसाठी. होय ना?"

"व्हय." तो उंबऱ्यावर टेकला. "ताई गेली तवा डॉक्टरनं दिली व्हती, पंधरा दिसाची. ती संपली, आन माय रातभर भिताडाला डोकं लावून बसायची. मी शहरातून आणत गेलो. चिठ्ठी न विचारता देणारा एक गावला व्हता. आधी एक घ्यायची, मग दोन, मग... तिला झोप लागली की मला वाटायचं, चला, बरी हाय. सोमवारी मेंढरं बघितली आन मला समजलं, पर बा चिडलेला. म्हटलं, दोन दिस गप ऱ्हावं. गोळी सुटली तर चांगलंच झालं की."

"नाही झालं," मेघा म्हणाली. "अशी एकदम सोडली तर फिट येते. जीव जाऊ शकतो. आज तिसरा दिवस आहे."

खंडेराव ओसरीकडं वळला. इतक्यात तिथं भांडं पडल्याचा आवाज झाला, आणि प्रांजली ओरडली, "आत्याबाई! अवं, आत्याबाईला काय झालं बघा!"

६

दगडाबाई जमिनीवर पडली होती. अंग ताठ झालं होतं, हातपाय झटके देत होते. मल्हारराव चौकीत जायला टोपी घालून निघाले होते. ते धावत आले आणि बायकोजवळ मटकन बसले. कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. मेघानं सगळ्यांना मागं सारलं, दगडाबाईला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली स्वतःची ओढणी ठेवली. दोन मिनिटांनी झटके थांबले. तोवर तिनं दीपमालाला फोन लावला होता.

"शुद्धीवर आलीय? नाव सांगते? पाण्याचा घोट नीट गिळते का बघ," दीपमाला म्हणाली. "गिळत असेल तर तिची नेहमीची गोळी दे, आणि लगेच निघा."

खंडेरावच्या बॅगेत या वेळी आणलेलं पाकीट तसंच होतं. दगडाबाईनं पाणी नीट गिळलं, तेव्हा त्यानं त्यातली गोळी तिच्या तोंडात दिली.

रिक्षाला फोन लावत बसायला वेळ नव्हता. बांधापलीकडं इंजिन सुरू झालं. कडुबानं आपली पिकअप अंगणात आणली, मागचं फळकट पाडलं आणि एवढंच म्हणाला, "घाला आत."

मल्हाररावांनी त्याच्याकडं पाहिलं. मग दोघांनी मिळून दगडाबाईला उचललं.

वाटेत मेघानं मल्हाररावांना सगळं सांगितलं. गाडी करडईच्या शेतांमधून जात होती, दगडाबाईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, आणि पिवळ्या उन्हाचे पट्टे तिच्या चेहऱ्यावरून सरकत होते.

"माझ्या साठ मेंढरांतली कोणती कवा खोकलते ते मला झोपंत बी कळतं," ते म्हणाले. "आन ही सहा वर्षं माझ्या शेजारी आशी निजते, ते मला नाय कळलं."

पुढं गाडी चालवणाऱ्या कडुबानं आरशात पाहिलं आणि वेग वाढवला.

७

शुक्रवारी दुपारी मेघा घाटीत गेली. वॉर्डाच्या उंच खिडकीतून मऊ ऊन आत येत होतं. पुन्हा फिट आली नव्हती. दगडाबाई उशीला टेकून बसली होती आणि मल्हारराव स्टुलावर. मेंढरं त्यांनी खंडेरावच्या हवाली केली होती. आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन दिवस ते कळपापासून लांब होते. आल्या दिवशीच त्यांनी चौकीत कळवलं होतं की आपली काही तक्रार नाही. गोळ्या देणाऱ्या दुकानदाराचं नाव मात्र खंडेरावनं स्वतः जाऊन औषध निरीक्षकाला लिहून दिलं होतं.

"मावशी, का टाकल्या गोळ्या?" मेघानं विचारलं.

दगडाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "गोळीची झोप काळी आसती, बाई. भुईत पुरल्यावानी. तिच्यात कुणी येत नाय. रईवारी दुपारची गोळी इसरले, तर ती आली. सहा वर्षांनी. मग मला समजलं. ती येत आसंल रोज, पर माझं दारच बंद. म्हटलं, ह्या घरात ऱ्हायल्या तर मी खाईन. म्हनून वाटल्या." तिचे डोळे भरले. "मेंढरांना त्रास द्यायचा नव्हता मला. वतल्यावर मागं वळून बघितलं सुदिक नाय. बघितलं आसतं, तर तितंच चाटून खाल्ल्या आसत्या."

दीपमाला केसपेपर घेऊन आली. तिनं समजावून सांगितलं की गोळी सध्या चालू ठेवायची, दर पंधरा दिवसांनी थोडीशी कमी करायची, आणि दिवाळीपर्यंत ती बंद होईल. घाई करायची नाही.

"म्हंजी तवर ती येणार नाय?" दगडाबाईनं विचारलं.

दीपमालानं केसपेपर खाली ठेवला. "मी खोटं नाही सांगणार, मावशी. सुरुवातीला नसेल येत. हळूहळू येईल."

दगडाबाईनं तोंड भिंतीकडं वळवलं. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी पंख्याच्या घरघरीत झोपलं होतं. मल्हारराव टोपी हातात फिरवत होते. लेकीचं नाव काढलं की बायको रडते, म्हणून सहा वर्षांत त्यांनी ते घरात कुणाला घेऊ दिलं नव्हतं.

त्यांनी स्टूल खाटेजवळ सरकवलं.

"काय घातलं व्हतं गं तिनं?"

दगडाबाई वळली. ते आपल्याशीच बोलताहेत का, हे कळायला तिला वेळ लागला.

"तो... कॉलेजला जाताना घालायची त्यो डरेस. निळा."

"निळा नाय," मल्हारराव म्हणाले. त्यांनी टोपी खाटेवर ठेवली. "हिरवा व्हता त्यो. मीच आणला व्हता, कन्नडहून. ज्ञानेश्वरीला हिरवाच आवडायचा."